गाडीतलं गॅरेज

गाडी गॅरेजमध्ये ठेवतात, एवढं सुनीतीला ठाऊक होतं. गाडीच्या पोटातही गॅरेज असतं हे तिला सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात कळलं. तिचे यजमान, डॉक्टर शशिधर वर्तक, ग्लासगोच्या त्यांच्या शांत रस्त्यावर एक जुनी जर्मन मोटरहोम घेऊन दाखल झाले. मागे आडवा पलंग, आणि पलंगाखाली गाडीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक भला मोठा कप्पा, दोन्ही बाजूंना बाहेरून उघडणारं एकेक दार असलेला. विकणाऱ्याने त्यालाच गॅरेज म्हटलं होतं.

"यात स्कूटर मावते," शशिधर कौतुकाने म्हणाले.

"आपल्याकडे कुठंय स्कूटर?"

"नाही ना! म्हणून तर बाकी सगळं मावेल."

भूल देणारा डॉक्टर. बोलणं सावकाश, हात नेटके. अडुसष्ट साली मिरजेहून आले ते एक ट्रंक घेऊन. त्यानंतर कितीतरी वर्षं सहा-सहा महिन्यांच्या नोकऱ्या. आज वेल्समध्ये, मग संडरलंडला, मग डंडीला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं यांचं एका छोट्या मॉरिस गाडीच्या डिकीत. लग्न होऊन सुनीती आली, मीनल झाली, तरी डिकी तेवढीच. शशिधर कुकरमध्ये डाळी भरत, डाळींच्या फटीत मसाल्याच्या पुड्या आणि मीनलच्या लंगोटांत चहाचे कप. दर वेळी नव्या क्वार्टर्समध्ये पोचल्यावर सुनीती एकेक कप सोडवून बघायची. एकही कधी फुटला नाही. त्या दिवसांत दोघांना घर म्हणून काही नव्हतं, पण शशिधर सामान बांधायला बसले की गुणगुणत असत, आणि तिला वाटे, चला, जाऊ कुठेही.

पुढे ग्लासगोत कायमची नोकरी लागली, घर झालं, सुनीती हॉस्पिटलच्या फार्मसीत लागली. बांधाबांध संपली. ती सवय आत कुठेतरी दबा धरून बसली असणार, कारण मोटरहोम आल्या दिवसापासून माणूस रस्त्यावर गुडघे टेकून, डोकं त्या कप्प्यात खुपसून बसलेला दिसू लागला.

पहिल्याच सफरीत मात्र घोडं अडलं. लॉख लोमंड तळ्याच्या काठाने निघाले, तर वळणावर स्टिअरिंग हातात हलकं लागायला लागलं, जशी काही पुढची चाकं जमिनीला टेकतच नव्हती. शशिधरनी घाबरून गाडी रस्त्याकडेला थांबायच्या ले-बायमध्ये घेतली. उतरून गॅरेजचं दार उघडलं आणि कपाळावर हात मारला. पाण्याचे भरलेले कॅन, चाकांखाली घालायचे लोखंडी रॅम्प, तांदळाची गोणी, सगळं जड त्यांनी गॅरेजच्या अगदी मागच्या टोकाला रचलं होतं. मागून गाडी बसली होती, पुढून उचलली गेली होती.

मग तिथेच सगळं बाहेर. संध्याकाळची वेळ, तळ्याचा काठ, चिलटांचे थवे. कानात चिलटं, नाकात चिलटं. बारा वर्षांची मीनल डोक्यावर टॉवेल घेऊन नाचत होती.

"बाबा, माझा खुर्ची कुठे आहे?"

"माझी. माझी खुर्ची," शशिधर कॅन उचलता उचलता म्हणाले.

"तुमची नाही, माझा!"

सुनीती हसून हसून गोणीवरच बसली. पाणी ओतून दिलं, गोणी आत बाकाखाली गेली, रॅम्प गॅरेजच्या पुढच्या भिंतीला टेकले. जड ते पुढे नि खाली, हलकं ते मागे नि वर, हा धडा घरात कायमचा झाला.

पुढची पाच-सहा वर्षं मग त्या कप्प्याची भरभराट झाली. शशिधरनी फळ्या ठोकून खण केले. आइस्क्रीमचे रिकामे डबे डाळी-पिठांसाठी, दुधाचे क्रेट चपलांसाठी. दाराच्या आतल्या बाजूला पाण्याचा पाइप गुंडाळलेला. गाडीबाहेर लावायच्या कापडी छपराला, ऑनिंगला, घरात 'मांडव' म्हणत, तो सर्वांत तळाशी. कॅम्पसाइटवर पोचलं की शशिधर उतरत, दार उघडत आणि एकापाठोपाठ एक वस्तू काढत. मांडव उभा राही, टेबल मांडलं जाई. सुनीतीने त्या वेळी मदतीला जायचं नाही, असा अलिखित नियम होता. शेजारचे स्कॉटिश लोक चहाचे मग घेऊन बघायला येत.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात शशिधरना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणं परत आलं, पण डावा हात खांद्यापासून लुळा राहिला. नोकरी सुटली, गाडी चालवणं सुटलं. गाडी घरासमोरच्या ड्राइव्हवेत उभी राहिली आणि तिच्या टायरांशी शेवाळ धरलं.

"विकून टाकू," एक दिवस तेच म्हणाले. "उगीच सडतेय."

शिकायला बाहेरगावी गेलेल्या मीनलचंही फोनवर तेच मत पडलं. जाहिरात दिली. एअर गावाहून एक जोडपं बघायला आलं. इंजिन पाहिलं, पलंग पाहिला. नवरा गॅरेजचं दार उघडून म्हणाला, "आणि हे काय?"

शशिधर काठी टेकत पुढे झाले. ते सांगू लागले: वजन कसं वाटायचं, ओला मांडव कुठे ठेवायचा, काय आधी निघालं पाहिजे. उजव्या हाताने दाखवत होते. मांडव कसा ओढायचा ते सांगताना त्यांनी खरंच त्याची कड धरली आणि ओढली. तो हलला नाही. त्यांनी पुन्हा ओढली. पाहुणा संकोचून दुसरीकडे बघू लागला. शशिधर हात पुसत म्हणाले, "जरा जड आहे. तुम्हाला जमेल."

जोडप्याला गाडी पसंत पडली. संध्याकाळी त्यांचा फोन आला तो सुनीतीने घेतला आणि सांगितलं, "सॉरी, आम्ही विकत नाही."

"अगं, काय हे?" शशिधर खुर्चीतून म्हणाले. "चालवणार कोण?"

"मी."

"तू? ती लेफ्ट-हँड ड्राइव्ह आहे."

"तुम्ही उजवीकडे बसाल. ओव्हरटेक करताना समोरून येणारं मला दिसणार नाही, ते तुम्हाला दिसेल. सांगायचं."

त्या वसंतात ती रोज थोडं थोडं करत गाडी चालवायला शिकली. आधी सुपरमार्केटच्या रिकाम्या कार पार्कमध्ये, मग रस्त्यावर. आणि दुपारी जेवून शशिधर झोपले की ती गॅरेजमध्ये शिरे. ती एकेक वस्तू उचलून बघे, डावा हात पाठीमागे धरून. एका हाताने निघाली तर ठेवायची, नाही तर बदलायची. लोखंडी रॅम्प गेले, प्लास्टिकचे आले. जड मांडव मीनलच्या खोलीत गेला, त्याच्या जागी दोन काठ्यांचं हलकं कापड. खुर्च्यांना तिने पडद्याच्या पट्ट्यांच्या वाद्या शिवल्या. खण कमरेच्या उंचीवर आणले, वाकायला नको म्हणून. जे जड उरलं ते दुसऱ्या बाजूच्या दारापाशी, तिच्या हाताला येईल असं. त्यांना तिने काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते आलेच नसते.

जूनमध्ये निघाले. अरुंद रस्ता, समोर कूर्मगतीने चाललेला ट्रॅक्टर. शशिधर मान काढून बघत होते. "थांब... थांब... एक व्हॅन येतेय... आता जा. जा, सुनीती!" तिने दात आवळून ॲक्सिलरेटर दाबला. ट्रॅक्टर मागे पडला तेव्हा दोघंही ओरडली.

अरिसेगला समुद्राकाठी गाडी लावली. सुनीती मुद्दाम आत राहिली आणि चहा ठेवला. गॅरेजचं दार उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. खिडकीचा पडदा बाजूला करायचा तिला फार मोह झाला, पण ती चहाकडे बघत राहिली. चहा उकळला, तिने आच कमी केली, पुन्हा वाढवली. बाहेर काहीतरी पडलं, शशिधर स्वतःशीच पुटपुटले. मग खुर्ची उघडल्याची कट्ट. थोड्या वेळाने दुसरी.

ती कप घेऊन उतरली. कापड जरा तिरकं लागलं होतं, टेबल गवतावर डुगडुगत होतं. शशिधर घामाघूम होऊन खुर्चीत बसले होते.

"वाद्या कधी शिवल्यास?"

"तुम्ही झोपला होतात तेव्हा."

त्यांनी कप घेतला आणि समुद्राकडे पाहिलं. पलीकडे एग बेटाचा काळा सुळका उन्हात आला होता.

"डावीकडचा खण अजून एक वीत खाली घे," ते म्हणाले. "किटली काढताना खांदा भरतो."

"बरं."

"आणि उद्या कुठे जायचं?"

त्यानंतर चार उन्हाळे ती दोघं फिरली, पार उत्तर टोकाच्या डर्नेसपर्यंत. शेवटी गंजाने खालची चौकट गेली म्हणून गाडी मोडीत काढावी लागली. ती ताशी चाळीस मैलांच्या वर कधी पळाली नाही, आणि मागे गाड्यांची रांग लागली की शशिधर खिडकीतून आपला चांगला हात बाहेर काढून सगळ्यांना सावकाश पुढे जायला सांगत.