हवा वाटणाऱ्या यंत्राचा आवाज

माझी मावशी दिवसभर दातांच्या डॉक्टरांच्या हाताखाली उभी राहून "आ करा, जरासं दुखेल" म्हणते. पण सकाळी दवाखान्यात जाण्याआधी ती जेवणाच्या टेबलावरून चंद्राच्या पोटातल्या खाणीत उतरते. ती खाण एका फार जुन्या परदेशी कादंबरीतली. मराठी अनुवादही जुनाच. त्यात मजुरांना हवा मोजून देणारं यंत्र म्हणतं, "हे मानवा, तुझी याचना अमान्य आहे."

"याला कोण घाबरणार?" मावशी म्हणते. "हा तर नाटकातला राजा."

तिला नवा अनुवाद करायचाच होता. प्रकाशक म्हणाले, "नाही असं नाही, ताई. पण जुना तयार आहेच की. एक प्रकरण आणा, मग बघू." पसंत पडलं नाही, तर जुनाच छापणार होते.

प्रकरण झालं. मोठ्यानं वाचायला माझ्याकडे आलं, कारण मला नकला येतात. दुसऱ्याच पानावर मला हसू आवरेना.

"मावशी, हे सगळे तूच आहेस. खाणीचा मुकादम तू, मजुरांतला पोरगा तू. यंत्रसुद्धा 'जरासं दुखेल' म्हणतंय."

काका पेपरामागून म्हणाले, "यंत्राला माझा आवाज द्या."

"तू बोलतोस कधी?" मावशी म्हणाली.

मावशीनं पानं उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर पहिल्यापासून लिहायला घेतलं. आता ती दवाखान्यात कान टवकारून असायची. मुकादमाला खुर्ची दुरुस्त करणाऱ्याची कुरकुर मिळाली, पोराला सुई बघून घाबरलेल्या पेशंटची बडबड. यंत्र मात्र अडलं. त्यानं नकार द्यायला हवा होता, पण 'नाही' न म्हणता. असं कोण बोलतं?

तेवढ्यात प्रकाशकांचा फोन आला. "घाई आहे असं नाही, ताई. पण..."

मावशीनं बोलता बोलताच पेन उचललं.

त्यांच्या कचेरीत वाचायला तिनं मलाच बसवलं. मजूर दार बडवतात, हवा मागतात. यंत्र मऊ आवाजात म्हणतं, "हवा नाही असं नाही, भाऊ. पण जरा थांबा. सोयीनं बघू."

प्रकाशकांचा चहा ढवळणारा चमचा थांबला.

"अंगावर काटा आला," ते म्हणाले. "कुठे ऐकलंत हे?"

"आमच्याकडे कोण कोण येतं. मग, नवा छापताय?"

"नाही अस..." ते अडखळले. माझ्याकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं. "हो."

मावशीनं पिशवीतून दुसरं प्रकरण काढून त्यांच्यापुढे ठेवलं.