ड्रायरची बेरिंग आणि पुढे गेलेला गेम

"साहेब, हात ठेवून पाहा बरं," नामदेवभाऊ म्हणाले.

मी बेरिंगवर हात ठेवला आणि चटका बसताच काढून घेतला. सोमवार होता, सकाळचे दहा वाजले होते. आम्ही दोघं मिलच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, ड्रायरच्या एलिव्हेटरच्या टोकाशी उभे होतो.

भंडारा-तुमसर रस्त्यावरच्या एका राईस मिलमध्ये मी मेंटेनन्स इन्चार्ज आहे. आमच्याकडे उसना तांदूळ होतो. म्हणजे धान आधी भिजवतात, वाफवतात, मग वाळवून भरडतात. वाळवायचं यंत्र म्हणजे ड्रायर. ओलं, गरम धान त्यातून एका फेरीत वाळत नाही. खाली आलं की पुन्हा वर न्यावं लागतं, अशा बऱ्याच फेऱ्या होतात. वर नेतो तो एलिव्हेटर. एक लांब पट्टा आणि त्याला ओळीनं लावलेल्या बकेट्स. वरच्या टोकाला जाड शाफ्ट असतो आणि तो शाफ्ट ज्यात फिरतो ती बेरिंग. बेरिंग गेली की एलिव्हेटर थांबतो. एलिव्हेटर थांबला की वाफवलेलं धान जागच्या जागी आंबतं, तांदूळ पिवळा पडतो, वास मारतो.

नामदेवभाऊ या ड्रायरचे ऑपरेटर. माझ्याकडे तापमान मोजायची बंदूक आहे, त्यांच्याकडे तळहात. दोघांचं उत्तर सहसा एकच येतं. त्या दिवशीही आलं.

"गुरुवारी बदलून टाका जी," ते म्हणाले. "लाईन त बंदच राहाते."

गुरुवारी मिलला वीज पुरवणारी लाईन, म्हणजे आमचा फीडर, दिवसभर बंद राहणार होती. तशी नोटीस लागली होती. मिल तशीही थांबणार, म्हणून अशा दिवशी अडलेली सगळी कामं उरकायची. याला आम्ही शटडाऊन म्हणतो. नवी बेरिंग स्टोअरमध्ये पडून होती. काम चार-पाच तासांचं होतं. मिल लहान, बेरिंग बसवणारा मी एकटाच. "हो" म्हणायला काहीच हरकत नव्हती.

मी म्हणालो, "बघू."

कारण गुरुवारी माझा गेम येणार होता.

हे सत्तेचाळीस वर्षांच्या माणसानं लिहायला अवघड आहे, पण लिहितो. मला व्हिडिओ गेमचा नाद आहे. टीव्हीला जोडायचा डबा असतो, त्याला कन्सोल म्हणतात. आयुष्यात मी तीन कन्सोल घेतले, आणि तिन्ही वेळा मी घेतल्यावर काही महिन्यांतच कंपनीनं त्याच्यापुढचा काढला. नवे गेम पुढच्या डब्यासाठी येतात, मी मागच्या डब्यासमोर बसून त्यांच्या जाहिराती पाहतो. हा गेम मात्र माझ्याही डब्यावर चालणार होता. पहिले दोन भाग मी दोन-दोनदा संपवले होते. तिसऱ्याची सहा वर्षं वाट पाहिली. तीन मिनिटांची जाहिरात इतक्या वेळा पाहिली की बायको, सुनंदा, स्वयंपाकघरातून तिचं संगीत गुणगुणायची. नागपूरच्या दुकानदारानं बुधवारी संध्याकाळी एस.टी.च्या पार्सलनं डिस्क पाठवतो म्हणून सांगितलं होतं. आमच्या घरचा फीडर वेगळा, तिथे गुरुवारी वीज असणार होती. असा योग मी सोडणार नव्हतो.

मंगळवारी मी शेठजींच्या केबिनमध्ये गेलो.

"गुरुवारी सुट्टी पाहिजे होती. मिसेसचे डोळे तपासायचे आहेत, नागपूरला."

"शटडाऊनच्या दिवशी?" शेठजी म्हणाले. "अन् नामदेव त बेरिंग म्हणून राहिला होता."

"चालेल अजून एक आठवडा. पुढच्या गुरुवारी पण लाईन बंदच आहे. तोपर्यंत दिवसातून दोनदा ग्रीस दिलं की झालं."

"पक्कं ना, बोरकर?"

"पक्कं."

आणि मी खाली येऊन रजिस्टरमध्ये लिहिलं: बेरिंग ठीक, पुढच्या शटडाऊनला बदलणे, ऑपरेटरने दोन वेळा ग्रीस देणे. खाली सही केली. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं, हे मला आजही आठवतं.

नामदेवभाऊंनी ते वाचलं. "ठीक कशी का जी?" एवढंच म्हणाले. मी फोन आल्यासारखं करून बाहेर गेलो.

बुधवारी दुपारी दुकानदाराचा मेसेज आला. गेम पोस्टपोन झाला होता. खेळणाऱ्यांना अधिक चांगला अनुभव देता यावा म्हणून कंपनीनं तारीख पुढे नेली होती. नवी तारीख नंतर कळवणार होते.

घरी गेलो तर माझ्या चेहऱ्यावरून सुनंदाला वाटलं, कोणी गेलं. मी सांगितलं. डोळ्यांचंही सांगितलं.

"माझे डोळे? माझ्या डोळ्यांना काय झालं?"

"काही नाही. कारण द्यावं लागतं ना."

"मंग आता गेम नाही त उद्या जा ना कामावर. बदलून टाका ते काय आहे ते."

"कसा जाऊ? मी नागपुरात आहे. तुझे डोळे तपासतो आहे."

तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "मी दुसऱ्या कोणाशी लगन केली असती त तोही असाच निघला असता का, तेवढंच पाहात होती," ती म्हणाली आणि भाजी चिरायला लागली.

तिचं म्हणणं सरळ होतं. शेठजींना फोन करून डॉक्टर नाही भेटले म्हणायचं, आणि सकाळी मिलमध्ये हजर व्हायचं. एका खोट्यावर दुसरं खोटं, पण निदान उपयोगाचं. ते मला सुचलंही होतं. पण मी रुसलो होतो. गेम बनवणाऱ्या, मला ओळखतही नसलेल्या माणसांवर मी रुसलो होतो आणि त्याची शिक्षा सगळ्यांना द्यावी असं काहीतरी डोक्यात होतं. गुरुवारी घरी बसलो. दुसरा भाग तिसऱ्यांदा खेळावा म्हणून डबा सुरू केला. त्यानं अपडेट मागितलं. अपडेट म्हणजे कंपनीनं नंतर केलेली दुरुस्ती, ती उतरवून घेतल्याशिवाय डबा पुढे सरकत नाही. आमच्या नेटवर ती संध्याकाळपर्यंत उतरत होती. दिवसभर मी टक्के वाढताना पाहिले. तेवढ्या वेळात बेरिंग बदलून, हात धुऊन, चहा पिऊन झाला असता.

शनिवारी दुपारी अडीच वाजता एलिव्हेटर थांबला.

मी धावत वर गेलो. जळक्या रबराचा वास येत होता. बेरिंग जाम झाली होती आणि पट्टा पुलीवर घासत होता. नामदेवभाऊंनी वास येताच बटण दाबलं होतं, म्हणून निभावलं. तिथे कोंड्याची धूळ असते, ती पेटली की मिल वाचत नाही. खाली ड्रायर गरम, ओल्या धानानं भरलेला होता.

शेठजी धापा टाकत वर आले. रजिस्टर हातात होतं.

"बेरिंग ठीक लिहून आहे," ते म्हणाले. "मंग चार दिवसांत जाम कशी झाली? नामदेव, ग्रीस देल्ला होता का?"

"देल्लो जी."

"देल्ला असता त जाम झाली असती का? सोमवारपासून ट्रकवर जा तू. बोरे उचल. ड्रायर दुसऱ्याले देतो."

नामदेवभाऊ छप्पन वर्षांचे आहेत. कंबर दुखते म्हणून ते पट्टा बांधतात, पोती उचलणं त्यांना झेपणारं नव्हतं. ते माझ्याकडे पाहत नव्हते, शेठजींकडेही नाही. शेठजींनी मला विचारलं, "काय बोरकर, ग्रीसनंच झालं ना हे?"

मी म्हणालो, "शक्य आहे."

हे दोन शब्द मी बोललो. माझ्या तोंडून आले.

शेठजी खाली गेले. आम्ही बेरिंग काढायला घेतली. नामदेवभाऊ नेहमीसारखे पाना धरून उभे राहिले, मागायच्या आधी हातात देत होते. अर्ध्या तासानं म्हणाले, "तुमी दोन खेप लिहिले होते. मी चार खेप देल्लो. ओला बोरापण ठेवलो होतो वरतून, बेरिंग थंडी राहावी म्हणून."

मी बेरिंगचं झाकण उघडलं. आत ग्रीस भरपूर होतं. काळं झालेलं, पण भरपूर. पुसलं तेव्हा आतल्या गोळ्यांची साल निघालेली दिसली. ते काही चार दिवसांचं काम नव्हतं. सोमवारीच ती बेरिंग संपली होती आणि सोमवारीच ते मला माहीत होतं.

नवी बेरिंग बसवली, एलिव्हेटर सुरू केला, आणि जुनी हातात घेऊन केबिनमध्ये गेलो.

"शेठजी, ग्रीस होतं. नामदेवभाऊंची चूक नाही. ही गुरुवारीच बदलायची होती. मी पुढे ढकलली."

"हो, तुमी दवाखान्यात होते ना."

"नव्हतो. घरी होतो."

"तब्येत?"

"गेम येणार होता."

"कोण येणार होता?"

"गेम. टीव्हीवर खेळायचा."

"मॅच होती काय?"

"नाही. व्हिडिओ गेम."

शेठजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पोरासाठी?"

"पोरगा नाही मला. मुलगी आहे, पुण्याला नोकरीला. ती खेळत नाही."

"मंग खेळले?"

"नाही. आलाच नाही तो. पुढे गेला."

त्यांनी चष्मा परत घातला. मग एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "म्हणजे गेम आला नाही, तरी तुमी आले नाही. अन् माझा माल आंबून राहिला."

"हो."

"मले वाटलं तुमी शिकलेले आहा."

मी जुनी बेरिंग त्यांच्या टेबलावर ठेवली. ते पुढे म्हणाले, "नामदेवले मी बोललो, मीच त्याले ड्रायरवर परत बोलावतो. पण कारण तुमी सांगा. माझ्यानं नाही सांगितल्या जाणार."

नामदेवभाऊ ड्रायरपाशी मूठभर धान हातात घेऊन वास घेत होते. मी सगळं सांगितलं. ऐकून त्यांनी विचारलं,

"त्या गेममंधी काय करा लागते जी?"

"तलवार घेऊन फिरायचं. राक्षस मारायचे. एक राज्य वाचवायचं असतं."

त्यांनी धान परत टाकलं. "ठीक आहे," म्हणाले. नंतर दहा-बारा दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. तेवढंही माझ्या वाट्याला जास्तच होतं.

त्या दिवशी ड्रायरमध्ये अडकलेल्या धानाचा बराच तांदूळ पिवळा निघाला. मिलमध्ये नवीन पद्धत आली. बेरिंगचं रजिस्टर आता नामदेवभाऊंकडे असतं. शटडाऊनमध्ये काय बदलायचं ते तेच लिहितात, मी खाली सही करतो. माझ्या सुट्टीचा अर्जही आधी त्यांच्याकडे जातो. ते वर जाऊन सगळ्या बेरिंगना हात लावून येतात आणि मग शेठजींना मान हलवून दाखवतात.

गेम पुढच्या वर्षी आला, आणखी एकदा पुढे जाऊन. रविवारी खेळलो. दोन तासांनी अडकला. दुरुस्ती येत आहे, असं कंपनीनं कळवलं.

एवढ्यावरून जे शिकलो ते लहान आहे. मशीनचं काम पुढे ढकलायचं असेल, तर त्याचं कारण त्या मशीनपाशी दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसाला तोंडावर सांगून पाहायचं. जीभ अडखळली, तर पाना घेऊन त्याच दिवशी शिडी चढायची.