वरमायचे नारिंगी बूट

आमच्या बँडमध्ये मी वाढपी होते. म्हणजे ड्रमर. पण ड्रम नव्हता. पंगतीत वाढायच्या स्टीलच्या तीन बादल्या होत्या आणि वरणाचे दोन डाव. डोक्याला गमछा, तोंडावर रुमाल, अंगात कोणाच्या तरी भावाचा शर्ट. गिटारवाली मंडपवाला व्हायची, काजळाची मिशी काढून आणि गळ्यात एक्स्टेन्शन बोर्ड अडकवून. माझी मैत्रीण गायची. ती वरमाय. जरीचा शालू, तारेच्या घासणीचा अंबाडा, काळा गॉगल, तोंडभर पावडर आणि शालूखाली नारिंगी स्पोर्ट्स शूज.

आम्ही तिघी यवतमाळच्या एकाच कॉलेजातल्या. तीन कॉर्ड, भरपूर आरडाओरडा आणि सगळी गाणी लग्नातल्या रुसव्याफुगव्यांची. आम्ही त्याला पंक रॉक म्हणायचो. सगळ्यात गाजलेल्या गाण्यात वरमाय एकेका गोष्टीवर रुसत जायची. खुर्ची हलते, रुसली. मठ्ठ्यात मीठ नाही, रुसली. मग सगळं थांबायचं आणि ती माइकमध्ये किंचाळायची, "मी जेवतच नाई!" आणि फतकल मारून खाली बसायची. लोकांनी हातापाया पडल्याशिवाय उठायची नाही. एकदा तर आमचे प्राचार्य उठून "जेवा हो ताई" म्हणाले होते.

बँडमध्ये कोण कोण आहे ते बाहेर सांगायचं नाही, हा नियम तिचाच. स्कार्फ बांधून यायचं, स्कार्फ बांधून जायचं. आमच्याकडे स्कूटीवरच्या सगळ्याच मुली तशा दिसतात. मला तो नियम सोयीचा होता. मी इंग्रजी शाळेतली. मराठीत बोलायच्या आधी वाक्य मनात जुळवून घेते. "तू तं बातम्या सांगून राह्यली वं," ती मला म्हणायची. बादल्यांशी बोलावं लागत नव्हतं.

तिचं लग्न पुसदला ठरलं. नवरामुलाला यूट्यूबवरचा आमचा त्या गाण्याचा व्हिडिओ फार आवडायचा. हा माझ्या मैत्रिणींचा बँड आहे, एवढंच तिनं त्याला सांगितलं. त्यानं हौसेनं आम्हाला लग्नात वाजवायला बोलावलं.

"मंग गाणार कोण?" गिटारवालीनं तिला विचारलं.

"मीच. साडी नेसून." ती हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, "मीच ती वरमाय, हे माह्या तोंडून निघणार नाई पण. त्यानं इचारलं तं तुमीच सांगा. एकदा लोकाईसमोर गायली, सगळे हसले, की मंग पुढं कोणी नाई म्हणणार नाई."

लग्नानंतरही गायचं, एवढीच तिची इच्छा होती. आणि ती तिनं आमच्यावर सोपवली होती.

लग्न दुपारचं होतं. बुद्धवंदना झाली, हार घातले, माणसं जेवायला उठू लागली. ती पांढऱ्या साडीत सोफ्यावर बसली. आम्ही वेश करून बाजूला उभ्या होतो. गिटारवाली वायर शोधायला गेली आणि नेमका तेव्हाच नवरामुलगा स्टेजच्या कडेला माझ्याकडे आला.

"तुमची वरमाय कुठं आहे? मले तं तिलेच पाह्यचं होतं."

मी वाक्य जुळवलं. सोपं होतं, ती तुमच्या मागं बसली आहे. मी तिच्याकडे पाहिलं. तिनंही माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, डावीकडून उजवीकडे, जरा घाईनं. नको.

"ती आता नाही करत," मी म्हणाले. रुमालाच्या आतून.

"अरे यार," तो म्हणाला. मनापासून हिरमुसला आणि जाऊन तिच्याशेजारी बसला.

गिटारवाली परतली तेव्हा तो तिथंच होता आणि सगळा हॉल आमच्याकडे बघत होता. "काय झालं?" तिनं विचारलं. मी नुसती मान हलवली. तिनं वाजवायला सुरुवात केली, मीही केली. गाण्याला गाणारी नव्हती, पण लोकांना व्हिडिओ पाठ होता. पोरं ओळी ओरडायला लागली. खरी वरमाय, मुलाची आई, तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला बाजूच्या बाईनं धरलं.

तेव्हा मला सोफ्यापाशी खाली दिसलं. पांढऱ्या साडीच्या काठाखालून नारिंगी बूट बाहेर आले होते. उजवा बूट माझ्या बादलीबरोबर पडत होता, बरोबर ठेक्यात.

माझ्या हातात डाव होते. थांबले असते तर गाणं थांबलं असतं, आणि थांबून बोलावं लागलं असतं. मी वाजवत राहिले. ती जागा आली, सगळं शांत झालं. तिनं श्वास घेतलेला मला दिसला. आणि हॉलमधली शंभर माणसं तिच्याआधी ओरडली, "मी जेवतच नाई!"

बूट साडीत गेला.

महिन्याभरानं तिचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "तू काहून नाई सांगतलं वं?"

"तू मान हलवली होतीस."

"हाराची तार टोचून राह्यली होती मानेले."

"मग आता सांगू का? मी तुझ्या नवऱ्याला फोन करते."

"आता कायले. तवा सगळे हसून राह्यले होते, त्याची आईसुद्धा. तवा चाललं असतं. आता सांगतलं तं म्हणतील, सून नकला करत होती आमच्या."

मी वाक्य जुळवत होते. तिच्या मागं कुकरची शिट्टी झाली आणि कोणीतरी विचारलं, "कोण आहे वं फोनवर?"

"मैत्रीण आहे, आई," ती म्हणाली. इतक्या हळू आवाजात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.