गाण्यातला तो खेकसणारा माणूस

आमच्या स्वप्निलचं गाणं गाजलं, यात माझा काडीइतकाही हात नाही, असं मी पुष्कळ दिवस छातीठोकपणे सांगत होतो.

पुण्याला इंजिनियर व्हायला पाठवलेलं पोरगं. ते इंजिनियर झालं आणि मग गिटार घेऊन बसलं. मित्रांचा बँड काढला. बँड म्हटल्यावर मला वाटलं, निदान फैजपूरच्या लग्नसराईत तरी वाजवतील! तर म्हणे, "नाना, आम्ही वरातीत वाजवत नाही. आमचं अल्टरनेटिव्ह रॉक आहे." म्हणजे काय, तर नाचता येत नाही, गुणगुणता येत नाही, आणि गाणारा दाढ ठणकल्यासारखा कण्हतो. (तोंडसुद्धा धड उघडत नाही!) आणि असलं गाणं देशभर गाजलं म्हणे! मी ते मोबाइलवर अर्धंच ऐकलं. तेवढ्यात लाइट आली, आणि विहिरीवरची मोटार चालू करणं जास्त महत्त्वाचं होतं.

अडचण अशी, की त्याच सुमारास धुळ्याहून स्थळ आलं. मुलीचे वडील आबासाहेब मूळचे आमच्याच भागातले, नोकरीनं धुळ्यात स्थायिक झालेले. मुलगी, तेजल, बँकेत. आधीची स्थळं 'मुलगा बँडमध्ये आहे' एवढं ऐकूनच पळाली होती. तेव्हा मी घरात फर्मान काढलं: बँडचा ब काढायचा नाही. मुलगा पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो. (गाणी हल्ली कॉम्प्युटरवरच करतात, म्हणजे खोटं कुठे आहे?)

आमच्याकडे पाहुण्यांना घर दाखवायचं म्हणजे मळ्यात भरीत-पुरीचा बेत. कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवून त्यावर वांगी भाजायची आणि लाकडी भांड्यात मुसळानं ठेचायची. आबासाहेब तेजलला आणि पुतण्यांच्या फौजेला घेऊन आले. खाटेवर बसतात न बसतात तोच एका पुतण्यानं मोबाइलवर तेच गाणं लावलं! जाळाशी बसलेल्या स्वप्निलनं मान खाली घातली.

"नाना, ऐकलं का हे? धुळ्यात सगळीकडे हेच वाजतंय!" पुतण्या म्हणाला.

संशयाला जागाच नको म्हणून मी तोंड सोडलं. "हे गाणं? यापेक्षा आमची म्हैस सुरात ओरडते!"

"पण तो मधला माणूस भारी आहे," तेजल म्हणाली. "धप् धप् वाजतं आणि तो ओरडतो, तिथे अंगावर काटा येतो."

मी कान देऊन ऐकलं. खरंच, मध्येच कोणीतरी विहिरीत पडल्यासारखा खेकसत होता. यंत्रातून असा काही घोळून काढला होता, की शब्द कळेल तर शपथ!

"हा तर दावणीला बांधायच्या लायकीचा आहे!" मी म्हणालो. आबासाहेब हसले. ते हसल्यावर मला चेव आला. "याच्या बायकोचे काय हाल होत असतील! तुम्हीच सांगा, असल्या माणसाच्या घरात कोणी मुलगी देईल का?"

"छे, छे! मुळीच नाही!"

पुऱ्या लाटता लाटता आमच्या हिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. मला वाटलं, कौतुकानं.

तेवढ्यात करपल्याचा वास आला. स्वप्निल वांगी सोडून माझं व्याख्यान ऐकत बसला होता! माझं डोकंच फिरलं. केळीच्या बागेपार ऐकू जाईल असा मी ओरडलो, "अरे, वांगे फिरवा ना रे! सारे जयले!"

पुतण्यांची फौज ताडकन उभी राहिली. तेजलनं पोळपाटावर मूठ आपटली, धप् धप्, आणि सगळ्यांनी अगदी माझ्याच चालीत आरोळी ठोकली, "सारे जयले! सारे जयले!"

"हे काय?" मी विचारलं.

"मागच्या भरताले पोरानं मोबाइलमधी भरून घेतलं व्हतं तुमाले," ही शांतपणे म्हणाली. "अन् धप् धप् वाजते ते मी वांगे ठेचत व्हती. साऱ्या गल्लीले माहीत हाये. तुमालेच तुमचा आवाज ओयखू आला नाही."

आबासाहेबांचं हसू मावळलं. "म्हणजे गाणं तुमच्या मुलाचं?"

"हो."

"आणि तो माणूस तुम्ही?"

"तसं म्हणतात."

"आणि असल्या माणसाच्या घरात मुलगी..."

स्थळ हातचं चाललं! मग मी त्या खेकसणाऱ्याची जी वकिली केली, तशी सख्ख्या भावाची केली नसती. "आबासाहेब, माणूस मनानं फार चांगला आहे हो! फक्त वांग्यांवर ओरडतो. माणसांवर कधीच नाही!"

"साफ खोटं!" आमची ही म्हणाली.

वाचवलं ते तेजलनं. "बाबा, मला मुलगा पसंत आहे. पण साखरपुड्यात नानांनी स्टेजवर ओरडून दाखवायचं."

"पाहा बुवा," आबासाहेब म्हणाले. "पोरीची अट आहे."

पोराच्या संसारापायी बाप काय करत नाही! धुळ्याच्या हॉलमध्ये फेटा सावरत मी माइक धरला, डोळे मिटले आणि घसा फुटेस्तोवर ओरडलो. टाळ्याही पडल्या. घाम पुसत खाली उतरलो, तर एक अनोळखी पाहुणे जवळ आले आणि पाठीवर हात ठेवून अहिराणीत म्हणाले, "बरं जमनं भाऊ! पन गानामा जो मानूस शे ना, त्यानी सर नही तुमले!"