उंबऱ्यात पाय

मेघना गुणाजी धुरी अकरावी सायन्सला होती आणि अभ्यास उंबऱ्यावर बसून करायची. लालबागच्या त्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरून येणारा-जाणारा तिला बोलून जायचा. तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसतात का कुणी? लक्ष्मी आल्या पावली परत जाते. शेजारच्या रमाबाईंचं तर रोजचंच, "अगं घोडे, ऊठ की! पाय बघ कसा पसरलाय, लोकांनी काय उड्या मारत जायचं?"

मेघना हसायची, पुस्तक मांडीवर ओढून घ्यायची आणि डावा पाय चौकटीला आणखी घट्ट टेकवायची.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणीच नव्हतं.

चाळीत दिवसाउजेडी दार लावत नाहीत. धुऱ्यांचं मात्र कधीकधी लागायचं, गुणाजी ड्यूटीवरून आला की. गुणाजीचा बाप ज्या गिरणीत साच्यावर कापड विणायचा, तिथे आता काचेचा टॉवर उभा आहे. त्याच्या फाटकावर गुणाजी वॉचमन. दिवसभर गाड्यांना सलाम. बाहेर माणूस इतका मऊ, की टॉवरमधली कुत्री त्याच्या हातनं बिस्किटं खायची. घरी पट्टा सुटायचा. दार लावायची त्याची बायको सुभद्रा, स्वतःच्या हातानं. "लोकांका तमाशो नको," म्हणायची आणि कडी घालायची. मग गॅलरीतले टीव्ही एकेक करत मोठे व्हायचे. मालिकेतल्या सासवा ओरडायच्या, त्यात मेघनाचं ओरडणं मिसळून जायचं. सुभद्राचा तर आवाजच यायचा नाही.

एकदा सुभद्रा दार ओढत असताना मेघनाचा पाय फटीत अडकला. दार उघडंच राहिलं. गुणाजीनं पट्टा उगारला, गॅलरीत नजर टाकली आणि पट्टा खुंटीला अडकवला. पोरीला तेवढं पुरे झालं. त्या दिवसापासून तिची जागा उंबरा.

आणि अभ्यास करणं भाग होतं. सहामाहीला गणितात दांडी उडाली, तेव्हा गुणाजीनं सांगून टाकलं होतं, "वार्षिकाक परत लटाकलंस तर कॉलेज बंद. कणकवलेक आतयेकडे धाडतलंय, गोठो साफ कर." तो बोलला की करायचा.

घोडं अडत होतं फंक्शन्सपाशी. कॉलेजातले बुद्धभूषण सर नायगावचे, आवाज ढोलासारखा. फळ्यावर त्यांनी पिठाची चक्की काढली. "वरून गहू टाकला, खालून गव्हाचं पीठ. नाचणी टाकली, नाचणीचं. एकच गहू टाकून एकदा पीठ आणि एकदा खडी बाहेर आली, तर ते फंक्शन नाही, चक्कीवाल्याला धरा. आता कॉन्स्टंट फंक्शन. वरून काही पण टाका, खालून येणार एकच. सांगा उदाहरण. पुस्तकातलं नको, घरातलं सांगा."

मेघना उभी राहिली. "आमचे पप्पा, सर."

"कसे काय?"

"मार्क कमी आले, मार. जास्त आले, कॉपी केलीस म्हणून मार. भाजी खारट, मार. अळणी, मार. वरून काही पण घाला."

वर्ग फुटला. बाकं बडवली पोरांनी. सर हसले नाहीत. खडू तसाच हातात धरून म्हणाले, "बस, बाळ. बरोबर आहे उत्तर."

त्या दिवशी तिला कॉन्स्टंट फंक्शन कळलं आणि त्याच्या मागून बाकीची उलगडत गेली.

पण वर्गात विनीत होता, तिच्याच चाळीतला, खालच्या मजल्यावरचा. आणि लालबागच्या मंडळात कुणाला टोपणनाव मिळालं की ते चितेवर जाईपर्यंत सुटत नाही. वार्षिक पेपर चार दिवसांवर असताना गुणाजी ड्यूटीवरून येत होता. मंडळाच्या कट्ट्यावरून पोरं ओरडली, "ओ कॉन्स्टंट! आज काय, पट्टा की चप्पल?" गुणाजीनं विनीतची कॉलर धरली. विनीतनं घाबरून सगळं ओकलं.

गुणाजी जिने चढून आला. मेघनाचा पाय ओलांडून आत गेला. पट्टा काढला.

"भितर ये."

"इथेच बोला, पप्पा."

"गावभर माझो बाजार मांडलंस? भितर ये सांगतंय!" त्यानं तिचे केस धरून खेचलं. तिनं दोन्ही हातांनी चौकट आवळली. पुस्तक गॅलरीत उडालं. पट्ट्याचं बक्कल कानामागे बसलं, रक्त मानेवरून गळ्यात उतरलं.

"सुभद्रा, दार लाव!"

सुभद्रा आली. दाराची फळी हातात धरली. खाली लेकीचा पाय बघितला आणि उभीच राहिली.

"बाजूक हो!" त्यानं तिला भिंतीवर ढकललं आणि फळी स्वतः आपटली. मेघना किंचाळली. पाय काढला नाही. टीव्ही मोठे झाले. त्यानं पुन्हा आपटली. तिसऱ्यांदा सुकं लाकूड मोडावं तसा आवाज आला, घोट्यातून.

रमाबाई रिमोट घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी टीव्ही बंद केला. पलीकडचा बंद झाला. मग त्याच्या पलीकडचा. अख्खी गॅलरी गप्प, आणि त्या शांततेत पोरीचं ओरडणं खाली रस्त्यापर्यंत गेलं.

सुभद्रा मोरीतून वरवंटा घेऊन आली. गुणाजी दोन पावलं मागे सरला. ती त्याच्याकडे गेलीच नाही. दोन्ही हातांनी वरवंटा उचलून तिनं दाराच्या कडीवर घातला. कोयंडा वाकला. आणखी एक घाव, लाकडाची ढलपी उडाली. गुणाजीनं तिचा दंड धरला, तसा तिनं वळून वरवंटा हाणला. मनगट कडाडलं. तो मट्कन खाली बसला, टॉवरच्या फाटकावर बसतो तसा, पाय जवळ घेऊन.

"ह्या घरात आता दार लागाचा नाय," सुभद्रा म्हणाली. कोयंडा निखळून गॅलरीत पडेपर्यंत ती घाव घालत राहिली.

मेघनानं पेपर प्लास्टर घालून दिला. विनीतनं तिला पाठीवर घेऊन जिने उतरवले. रमाबाई मागून त्याला शिव्या घालत होत्या, "पाडलंस तर बघ, चोंबड्या." एक प्रश्न कॉन्स्टंट फंक्शनच्या आलेखाचा होता. तिनं पट्टी लावली, सरळ आडवी रेघ ओढली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली. गणितात पास झाली, काठावर.

बारावीची पुस्तकं आली त्या संध्याकाळी गुणाजी ड्यूटीवरून आला. चहा गार होता. त्यानं कप भिरकावला, सवयीनं दार ढकललं. उंबऱ्यावरची मेघना गॅलरीत सरकली. फळी चौकटीवर आपटली आणि परत मागे आली. गॅलरीत एक टीव्ही बंद झाला. रमाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. गुणाजी भिंतीकडे तोंड करून बसला.

कपाचे तुकडे सुभद्रानं गोळा केले. देवापाशी दिवा लावला आणि येऊन उंबऱ्यावर बसली. मेघना उठायला लागली, तशी तिनं लेकीचा गुडघा दाबला.

"थंयच बस गो. वाच."