दहा प्रश्नांचा क्रम

मेघा हिवराळेला मार्क द्यायला फार आवडायचं, आणि तेही सढळ हातानं. शहागंजातल्या दोन खोल्यांत वाढलेली, मराठी शाळेतून इंग्रजीच्या एम.ए.पर्यंत पोचलेली ही मुलगी. शाळेत इंग्रजीच्या बाईंनी तिच्या वहीत लाल शाईचा असा काही सडा घातला होता, की आपण शिकवायला लागलो तर कुणाचं मन मोडायचं नाही, हे तिनं तेव्हाच ठरवून टाकलं.

आता ती आठवड्यातून तीनदा स्कूटीवरून बिडकीनला जायची. तिथल्या एका कारखान्यात पॅकिंग लाइनवरच्या बायकांना इंग्रजी बोलायला शिकवायची. त्यांच्यातूनच एक लाइन लीडर नेमायची होती, आणि बाहेरच्या साहेबांशी इंग्रजीत बोलता आलं पाहिजे ही अट होती.

मेघाची पद्धत सोपी. फळ्यावर दहा प्रश्न, त्यांची दहा उत्तरं. दर शनिवारी तोंडी परीक्षा, एकपासून दहापर्यंत, त्याच क्रमानं. बायका पाठांतरात वस्ताद निघाल्या. रूपा तर डोळे मिटायची आणि आरती म्हणावी तशी सगळी उत्तरं एका दमात म्हणून मोकळी व्हायची. दहापैकी दहा! रूपा खूश, मेघा तिच्याहून खूश.

पंचाईत होती ती वच्छलाबाईंची. बेचाळिशीची बाई, सातवी शिकलेली. पाठ केलेलं डोक्यात टिकायचंच नाही. त्या मध्येच हात वर करायच्या, "मॅडम, सावकाश. पुन्यांदा सांगा." आणि सांगितलं तरी उत्तर आपलंच द्यायच्या. आवडता पदार्थ विचारला तर फळ्यावर 'मँगो' लिहिलेला असायचा. ह्या म्हणायच्या, "मॉर्निंग भाकरी, नाइट भाकरी. नो चॉइस." वर्गभर हशा. मेघाही हसायची आणि चार मार्क लिहायची.

खरं तर ती जागा सगळ्यांत जास्त वच्छलाबाईंनाच हवी होती. लीडरला रात्रपाळी नसते. बारावीतली लेक सायली रात्री घरात एकटी, ह्या विचारानं बाईचं मशीनपाशी लक्ष लागायचं नाही.

कंपनीनं चार नावं मागवली. मेघानं दहावाल्या चौघींची पाठवली. वच्छलाबाई एवढंच म्हणाल्या, "माझंच डोस्कं मंद हाय, मॅडम. तुमचा काय दोष?" आणि वही पिशवीत टाकली.

निवडीच्या परीक्षेच्या दिवशी चेन्नईहून कंपनीच्या एक मॅडम आल्या. मराठीचा गंध नाही. कँटीनमध्ये टेबल मांडलं, जेवणाची सुट्टी म्हणून सगळी लाइन बघायला गोळा झाली. मेघानं तीन ग्लास पाणी पिऊन घेतलं.

रूपा ऐटीत बसली. मॅडमनी इंग्रजीत विचारलं, खोक्यांना टेप लावायचं मशीन बंद पडलं तर तू काय करतेस?

रूपानं डोळे मिटले. "माय नेम इज रूपा."

मॅडम हसल्या. बरं, तुमच्या लाइनवर माणसं किती?

"आय लिव्ह इन बिडकीन."

तिसऱ्या प्रश्नाला तिनं तिसरं उत्तर दिलं. बिचारीचं काहीच चुकत नव्हतं, शनिवारी ह्यालाच तर दहा मार्क मिळायचे! दुसरी आली, तिसरी आली, तीच गत. चौथीला शेवटी सुपरवायझर कोण म्हणून विचारलं, तर तिनं तीन फळांची नावं सांगितली.

मेघाचे कान तापले. चार महिने आपण मार्क दिले ते कशाला? ह्यांना प्रश्न कळतो का, हे आपण एकदाही पाहिलं नाही. आणि एकच बाई होती जी पाठ होत नाही म्हणून दर वेळी जीव ओतून प्रश्न ऐकायची. तिला आपण चार दिले.

मॅडम लॅपटॉप मिटायला लागल्या, तशी मेघा ताडकन उठली. "मॅडम, माय मार्क्स आर राँग. ऑल राँग. प्लीज, वन मोअर वुमन." नोकरी गेली तर गेली.

वच्छलाबाई गर्दीतून पुढं आल्या, डोक्यावरची कामाची टोपी काढायचंही भान नव्हतं. मॅडमनी तोच प्रश्न केला.

"मॅडम, स्लोली. अगेन."

मॅडमनी पुन्हा विचारलं.

"फर्स्ट, रेड बटन. हँड इनसाइड, नो! देन कॉल मेंटेनन्स. ही कम लेट. आय शाऊट."

शाऊट कशाला?

"बॉक्स कमिंग, कमिंग, नॉट स्टॉपिंग!" वच्छलाबाईंनी दोन्ही हातांनी खोक्यांचा ढीग दाखवला, आणि चेन्नईच्या मॅडम खुर्चीत मागं रेलून खळखळून हसल्या.

नऊ मिनिटं दोघी बोलत राहिल्या. मग मॅडमनी कागदावर नाव लिहिलं आणि कँटीन दणाणून गेलं. रूपानंच सगळ्यांत आधी मिठी मारली. वच्छलाबाई रडत हसत म्हणाल्या, "सायलीला फोन लावा गं कुनीतरी!"

सोमवारी मेघा वर्गात शिरली तर रूपा हात बांधून तयार. "मॅडम, नवीन पोर्शन पाठ हाय. विचारा." आणि सगळ्या एका सुरात सुरू झाल्या, "फर्स्ट, रेड बटन. हँड इनसाइड, नो..."

मेघानं कपाळाला हात लावला. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं फळा पुसला, आपली खुर्ची ओढून वच्छलाबाईंना बसवलं. "आता परीक्षा तुम्ही घ्यायची."

वच्छलाबाई अवघडून बसल्या. रूपाकडं जरा वेळ बघत राहिल्या. "रूपा, वाय यू नॉट ईट टिफिन टुडे?"

रूपानं डोळे मिटले. मग उघडले.

"माय टिफिन... हजबंड टेक. हिज टिफिन, कारलं. आय नो ईट कारलं!"

मेघानं पेन उचललं. हे उत्तर फळ्यावर कधीच नव्हतं. तिनं रूपाच्या नावापुढं सहा लिहिले.

रूपा वहीवर वाकली. "सहा? खरंच सहा, मॅडम?" दहा मिळाले तेव्हा तिचा चेहरा असा कधी फुलला नव्हता.