शेवटची धार रेडकाची

माझी धाकटी जाऊ मला कधी आवडली नाही. साठी उलटून गेली, आता खोटं कशाला लिहू. ती बारावी शिकलेली, मी चौथीतून गुरांमागं गेलेली. ती बोलायला लागली की सासरे हातातलं काम ठेवून ऐकायचे, आणि मी बोलायला लागले की त्यांना खोकला यायचा. तिच्या हातची भाकरी मात्र जाड व्हायची, आणि हे मी घरी येईल त्या पाहुण्याला सांगायचे. एवढाच काय तो माझा मोठेपणा.

आमचं गाव चौसाळ्यापासून दीड कोसावर. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक यायचा आणि अर्धं गाव ऊसतोडीला जायचं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. बाई नसेल तर गडी नुसता अर्धा कोयता. मी नऊ हंगाम नवऱ्याबरोबर गेले. तो तोडायचा, मी पाचट सोलून मोळ्या बांधायचे आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचे. नवव्या हंगामात नवरा त्याच फळीवरून मोळीसकट खाली आला. पाय आखडला तो आखडलाच. पुढच्या साली आम्हाला कुणी मुकादम विचारेना, आणि नेमका त्याच साली पाऊस गेला.

विहिरींना तळ दिसला. रानात कुसळसुद्धा उरलं नाही. सासऱ्यांनी वाटणीत दोघा भावांना एकेक म्हैस दिली होती, एकाच म्हशीच्या पोटच्या दोन बहिणी. आता माझं घर म्हणजे ती म्हैस. तिला चारायला उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, यायचे गाडीनं, पाणी टँकरचं, आणि दूध घालायला गावात बायांची सोसायटी नवीनच निघाली होती. चेअरमन बाईच होती, पण कागदावर. कारभार सगळा तिच्या नवऱ्याचा, गावातला मोठा जमीनदार. लोक त्यालाच चेअरमन म्हणायचे आणि त्यालाही ते आवडायचं.

दुधाचा भाव फॅटवर ठरायचा, आणि ती काढायला शिकलेली बाई पाहिजे म्हणून चेअरमननं माझ्या जावेला धरलं. महिनाभर बीडला पाठवलं शिकायला. गेली तशीच आली असती तर मी काही म्हटलं नसतं. आली ती मनगटाला घड्याळ बांधून. आमच्या घरात तोवर कुणा बाईच्या हाताला घड्याळ नव्हतं, पुरुषाच्याही नव्हतं. वर आणि तिचा नवरा म्हणाला की मी यंदा अर्धा कोयता म्हणून एकटाच जाईन, हिला सोसायटीचं काम आहे. मी नऊ हंगाम डोक्यावर मोळ्या वाहिल्या, आणि ही स्टुलावर बसणार. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सोसायटी म्हणजे मारुतीच्या देवळामागची एक खोली. सकाळी बाया किटल्या घेऊन रांगेत उभ्या राहायच्या आणि ही आत बसून काचेच्या बाटलीत आधी ॲसिड, मग नळीनं मोजून दूध, मग थोडं स्पिरिट घालायची. बूच लावून फडक्यात धरून हलवायची. सगळ्या बाटल्या हातानं फिरवायच्या यंत्रात लावायच्या आणि घड्याळ बघत पाच मिनिटं फिरवायच्या. मग एकेक बाटली डोळ्यासमोर धरून आकडा मोठ्यानं सांगायचा, सगळ्यांना ऐकू जाईल असा. मी दारातच उभी राहून बघत बसायचे. ती नळी कशी धरते, तोंडानं दूध ओढून वर बोट कसं दाबते, बाटली कुठल्या हातात घेते. दुसऱ्या बाया दूध घालून घरी जायच्या, माझा पाय निघायचा नाही. इतकं निरखून मी माझ्या लेकरांकडंही कधी बघितलं नव्हतं.

माझ्या दुधाला फॅट लागायची साडेपाच. तिच्या दुधाला सात.

एक दिवस, दोन दिवस, कितीतरी महिने हेच. म्हशी बहिणी, वाढे एका गाडीचे, पाणी एका टँकरचं, गोठा एक, मध्ये नुसता बांबूचा तट्ट्या. मग तिची सात आणि माझी साडेपाच कशामुळं? मी रात्रंदिवस हाच विचार करायचे. एकदा गोठ्यात तिनं तट्ट्यापलीकडून सांगितलंही होतं मला, की जाऊबाई, रेडकाला आधी पिऊ द्या, त्याचं पोट भरलं की बांधा, आणि मग शेवटच्या थेंबापर्यंत काढा, फॅट मागच्या दुधात असते. मी फणकाऱ्यानं म्हटलं की मागचं दूध रेडकाचं असतं, ते काढायला तुझ्या माहेरी शिकवलं असेल. माझ्या आईनं मला सांगितलं होतं, पान्हा फुटला की रेडकू ओढून बाजूला बांधायचं, आपली धार काढायची, आणि शेवटची धार रेडकाला सोडायची. ती काढली तर पाप लागतं. आमच्याकडच्या सगळ्या बाया असंच करायच्या. आणि खरं सांगायचं तर ब्रह्मदेवानं येऊन सांगितलं असतं तर ऐकलं असतं मी, तिचं ऐकणार नव्हते.

नवरात्रात माझा तोल सुटला. सकाळची वेळ, रांग भरलेली, चेअरमन खुर्ची टाकून देवळाच्या ओट्यावर. जावेनं माझा आकडा सांगितला, साडेपाच. लगेच स्वतःचा सांगितला, सात. मी किटली जमिनीवर आपटली आणि म्हणाले की ही स्वतःच्या बाटलीत काहीतरी करते, एकाच म्हशीच्या दोन लेकींत एवढा फरक कसा पडेल. रांगेत कुजबुज सुरू झाली. बऱ्याच जणींच्या पोटात ते आधीपासून होतं, मी फक्त तोंड उघडलं.

"नारायणगडाकडं तोंड कर," मी म्हणाले, "आन गडाची आण घेऊन सांग, काय करत न्हाई म्हणून."

नारायणगड म्हणजे आमच्या भागातलं मोठं देवस्थान; त्या गडाची आण कुणी उगाच घेत नाही, आणि कुणी घ्यायला सांगितली तर मागंही सरत नाही. ती उठून उभी राहिली. हातातली बाटली खाली ठेवली.

"दुधापायी गडाची आण घ्यायची न्हाई मी. बाटली हाय, बघा."

संपलं. आण नाकारली म्हणजे चोरी कबूल, असंच सगळ्यांनी धरलं. चेअरमन डोकं खाजवत म्हणाला की आठ दिवस दुसरं कुणीतरी बसा. कुणी तयार होईना. ॲसिडला सगळ्या भ्यायच्या. तेव्हा तो माझ्याकडं बघून म्हणाला की तुमचंच तोंड लई चालतंय, तुमीच बसा. बाया हसल्या. मी बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझे हात एकदाही अडखळले नाहीत. ॲसिड आधी, दूध काठाकाठानं, फडक्यात धरायचं, हलवायचं. घड्याळ नव्हतं म्हणून मी मनात तीनशे आकडे मोजले. मला कुणी शिकवलं नव्हतं. महिनोन् महिने जळत जे बघितलं होतं, ते सगळं हातात उतरलं होतं. चेअरमन दारात येऊन बघत राहिला. आणि मला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला मोळी उचलण्यापलीकडं काही येतं. त्या आनंदात मी माझी बाटली उचलली. साडेपाच.

मग तिची उचलली. तिनं स्वतः रांगेत उभं राहून दूध घातलं होतं, आता इतर बायांत भिंतीला टेकून उभी होती. बाटलीत सात होती. स्वच्छ सात. मी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली.

"साडेसहा," मी मोठ्यानं सांगितलं.

ती उभी होती तिथून तिला बाटलीतली रेघ दिसत होती. तिला ती वाचता येत होती, त्या खोलीत आमच्या दोघींनाच येत होती. ती वळली. रिकामी किटली उचलून घरी गेली. तिच्यावर चोरीचा आळ घालून मी त्या स्टुलावर बसले होते, आणि पहिली चोरी मीच केली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझं रेडकू मेलं. वाढे खाऊन हगवण लागली, दोन दिवसांत गेलं. रेडकू नाही म्हटल्यावर म्हैस पान्हा सोडत नाही, म्हणून आमच्याकडं मेलेल्या रेडकाचं कातडं काढून त्यात भुसा भरतात आणि म्हशीपुढं उभं करतात. दुष्काळात भुसा कुठला. मी जुन्या गोधडीच्या चिंध्या कोंबल्या आणि चार काटक्यांवर ते उभं केलं. म्हशीनं हुंगलं, चाटलं, पान्हा सोडला. मी धार काढायला बसले आणि रडायला आलं. रेडकासाठी सोडायची शेवटची धार आता कुणाला सोडू? सडात दूध ठेवलं तर कास दुखेल. सगळं काढलं, शेवटच्या थेंबापर्यंत. मागचं दूध इतकं दाट होतं की बोटांना चिकटलं.

सकाळी माझी बाटली सात दाखवत होती.

मी स्टुलावरच बसून राहिले. पुढच्या बाईनं दोनदा हाक मारली तेव्हा भानावर आले. इतके महिने माझी फॅट रेडकू पीत होतं, आणि तट्ट्यापलीकडून ती मला हेच सांगत होती. आकडा सांगायचा होता. मी सात सांगितला. बाया म्हणाल्या, बघा, चोर उठला आणि हिची फॅट वाढली. मला तिथल्या तिथं सांगता आलं असतं. जीभ उचलली नाही. स्टूल सुटेल, ती परत बसेल, घड्याळ लावून. आज सांगू, उद्या सांगू, असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी सासूनं सांगितलं की धाकटी ट्रकावर निघाली. सोसायटीचं काम गेलं म्हटल्यावर घरी बसून काय करायचं, मुकादमानं दोघांना मिळून पुरा कोयता धरलं होतं. म्हैस सासूच्या गळ्यात घातली होती. मी पायात काही न घालता चौसाळ्याकडं निघाले. हायवेच्या कडेला ट्रक भरत होता, भांडी, पत्रे, कोंबड्या, लेकरं. ती मागच्या फळीजवळ बोचक्यावर बसली होती.

मी खालूनच सांगितलं, दम लागलेला होता तरी. रेडकू मेलं, सगळी धार काढली, सात लागली. तुझा काही दोष नव्हता. उतर खाली. तुझं स्टूल हाय.

खाली मुकादम नावं पुकारत होता, तिचं पुकारून झालं होतं. एकदा जोडी धरली की हंगाम सरेपर्यंत सुटत नाही, हे मला तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं. तिनं मनगटाचं घड्याळ सोडलं आणि वाकून माझ्या हातात दिलं.

"पाच मिन्टं फिरवायचं," ती म्हणाली. "तुमी घाई करता."

दुसऱ्या दिवशी मी भर रांगेत सगळं सांगितलं. साडेसहाचंही सांगितलं. चेअरमन म्हणाला, झालं गेलं सोडा, आता बसलाय तर बसा. बाया दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, मग दूध घालायला आल्याच, कुठं जाणार. मी एकेकीच्या गोठ्यात जाऊन दाखवलं, आधी पाजा, मग बांधा, मग सगळं काढा. जावेच्या म्हशीची धारही मीच काढली सगळा हंगाम, तिच्याच रीतीनं, आणि तिची फॅट सातच्या खाली एकदाही येऊ दिली नाही. ती परत येईल तेव्हा तिला हे दाखवायचं होतं. माफी होती त्यात, आणि चढाओढही होती.

ती गुढीपाडव्याच्या पुढं परतली. काळी पडली होती. मी सकाळी स्टुलावरून उठले, पदरानं स्टूल पुसलं, घड्याळ तिच्यापुढं ठेवलं. ती बसली. नळी उचलली, तोंडानं दूध ओढलं, वर बोट ठेवलं. दूध गळून गेलं. पुन्हा ओढलं, पुन्हा गळालं. तेव्हा मी तिचं बोट पाहिलं. उजव्या हाताचं, अंगठ्याजवळचं. तिच्या नवऱ्याचा कोयता आणि तिचा हात एकाच उसावर एकाच वेळी आले होते. बोट जागेवर होतं, पण लाकडासारखं ताठ. नळीच्या तोंडावर ते बसत नव्हतं. तिनं चौथ्यांदा केलं नाही. नळी माझ्या हातात दिली आणि घड्याळ माझ्याकडं सरकवलं.

"तुमीच काढा, जाऊबाई."

लग्न होऊन आली तेव्हापासून तिचं जे जे मला पाहिजे होतं, ते सगळं त्या एका वाक्यात मला मिळालं. मी त्या स्टुलावर अठरा वर्षं बसले. बीडहून तपासणीला साहेब यायचे, ते विचारायचे की बाई, चौथी शिकून तुम्हाला हे सगळं कसं जमलं. मी सांगायचे, जळून. ते हसायचे, त्यांना वाटायचं मी गंमत करते.

ती रोज किटली डाव्या हातात धरून यायची. तिच्या दुधाला माझ्यापेक्षा अर्ध्या पॉइंटनं जास्तच लागायची, अठरा वर्षं, आणि ते कसं, हे मी तिला कधी विचारलं नाही. तिचा आकडा मात्र मी सगळ्यांत मोठ्यानं सांगायचे, पार ओट्यापर्यंत ऐकू जाईल असा. आणि सांगताना रोज माझ्या पोटात दुखायचं.